सोंड्याची साक्ष

बाईंसमोर कुणी "निसर्गाकडून आपण शिकायला हवं" असं म्हटलं की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "कुणाकडून?"

"निसर्गाकडून."

"निसर्ग मणून इथे कोण नाही. नाव सांग. मुंगीकडून? ढेकणाकडून? ढेकूण संसार कसा करतो, तुज ठाऊक आहे?"

मग त्या ढेकणाच्या संसाराचं असं बारकाईने वर्णन करायच्या, की त्या माणसाने पुन्हा त्यांच्यासमोर निसर्गाचं नाव काढलेलं मी पाहिलं नाही. कॉलेजांतून सहलीला आलेली मुलं, वर्तमानपत्रवाले, एकदा तर एक स्वामीही. सगळ्यांना ढेकूण सारखाच.

चेन्नईतल्या एका संशोधन संस्थेत त्यांची प्रयोगशाळा होती आणि तिथे मी प्रकल्प सहायक होते. त्या उत्क्रांतीच्या अभ्यासक. अभ्यासाचा विषय मात्र सोंडा. तांदळात होतो तो, पुढे सोंड काढलेला बारीक काळा किडा. तुमच्याआमच्या घरांत तो सुपातून पाखडून उन्हात टाकतात. बाई त्याला बरणीत घालून, कापडाने तोंड बांधून, थंड खोलीत ठेवायच्या आणि रोज सकाळी सर्वांत आधी त्याची चौकशी करायच्या. नंतर आमची.

सोंड्यापेक्षाही त्यांना त्याच्या आत राहणाऱ्यांमध्ये रस होता. सोंड्याच्या पोटात काही खास पेशी असतात आणि त्यांत जीवाणू राहतात. ते रोगजंतू नव्हेत. आईकडून अंड्यात, अंड्यातून अळीत, असे ते पिढ्यान्‌पिढ्या आतच असतात. तांदळातून पुरेसं मिळत नाही ते हे जीवाणू तयार करतात आणि त्याच्या जोरावर सोंड्याचं कवच कडक आणि काळं होतं. जीवाणू नसले तरी सोंडा जगतो, पण तांबूस, मऊ आणि रडतखडत. बाईंकडे दोन्ही प्रकारच्या बरण्या होत्या. काळ्यांच्या आणि तांबड्यांच्या. वर्षानुवर्षं सांभाळलेल्या.

"हे जीवाणू आत येऊन फार काळ झाला नाही," त्या सांगायच्या. "उत्क्रांतीच्या हिशेबाने नवे भाडेकरू. सामान अजून खोक्यांतच आहे."

"बाई, आता तुम्हीच उपमा देता!"

"उपमा दे की. तिच्याकडून निकाल मागू नको."

हे वाक्य मला तेव्हा पटलं नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील पिंपरीहून बदली होऊन चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आले, टूलरूममध्ये. येताना त्यांनी युनियनही बरोबर आणली. आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं केली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. माझ्या डोक्यात प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक मागणी असते. एखादी हकिगत ऐकली आणि तिच्यातून मागणी निघाली नाही, तर मला ती अर्धवट वाटते.

बाईंचं घराणं तंजावरकडचं. मराठी तिकडची, जुनी. त्या "मज" आणि "तुज" म्हणायच्या, चिडल्या की सरळ तमिळमध्ये जायच्या. आमच्या संस्थेत सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मी पहिल्याच दिवशी बाई म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सरि, ठीक आहे. बाई चालेल. पण मज कौतुकाने नको म्हणू. तुमच्याकडची माणसं आमची मराठी ऐकली की हसतात, लहान लेकराने श्लोक म्हटल्यासारखं."

सोंड्यापर्यंत त्या कशा पोचल्या, हे त्यांनी मला एका बैठकीत कधी सांगितलं नाही. तुकड्यातुकड्याने कळलं. लहानपणी घरात तांदूळ निवडण्याचं काम त्यांच्याकडे होतं, कारण भावांकडे नव्हतं. त्यात काही सोंडे तांबूस दिसायचे. का, म्हणून विचारलं तर आई म्हणाली, ती पिलं आहेत, पुढे काळी होतील. "कशाने काळी होतील?" यावर आईने तांदूळ लवकर निवडायला सांगितलं. बाई म्हणायच्या, माझं सगळं शिक्षण म्हणजे त्या न मिळालेल्या उत्तराचा पाठपुरावा.

पण मध्ये बरीच वर्षं वाट चुकली. त्यांना सरकारी धान्य गोदामात तपासनीसाची नोकरी लागली. पोत्यांतून नमुने काढायचे, चाळायचे, किडे दिसले की धुरी द्यायचा हुकूम काढायचा. मारण्यासाठी पगार. एका उन्हाळ्यात पत्र्याखालच्या सगळ्यात वरच्या पोत्यांत त्यांना तांबूस सोंडे सापडले, आणि ती पिलं नव्हती. पूर्ण वाढलेले, तरीही तांबूस आणि मऊ. खालच्या पोत्यांतले मात्र काळे कुळकुळीत. त्यांनी साहेबाला दाखवले. साहेब म्हणाला, "लाल असो, काळा असो, धुरीची गोळी एकच."

बाईंनी गोळी टाकली, पण त्याआधी एक मूठ तांदूळ पिशवीत घालून घरी नेला. मग सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून बसून त्यांना कळलं, की पत्र्याच्या उष्णतेने सोंड्यातले जीवाणू मेले होते. सोंडा वाचला, आतले गेले. आणि एकदा गेले की त्या कुळात ते परत येत नाहीत. हे त्यांच्याआधी दुसऱ्यांनी केव्हाच शोधून ठेवलं होतं.

"मग निराश नाही झालात?" मी विचारलं होतं.

"कां गे? मी पाहिलं ते खरं होतं. माझ्या आधीपासून खरं होतं. मज तर बरं वाटलं."

त्यांनी नोकरी सोडली. पेन्शनची, सरकारी, तिशी उलटल्यावर. मग स्वतःपेक्षा लहान मुलांच्या रांगेत बसून पुन्हा शिकल्या आणि पीएचडी केली. घरात केवढा गहजब झाला असेल! थोरला भाऊ म्हणाला, किडे मारायचा पगार सोडून किडे पाळायला निघालीस? बाईंनी त्याला दिलेलं उत्तर मी आजही लोकांना सांगते. "मारत होत्यें तेव्हा कुणी विचारलं नाही, कशासाठी मणून. पाळायला लागल्यें तर सगळे विचारतात."

नवे सोंडे लागले की आम्ही जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारात जायचो. ते एक नाटकच होतं. बाई दुकानात शिरायच्या, पोत्यात कोपरापर्यंत हात घालायच्या आणि विचारायच्या, "किडलेला तांदूळ आहे?"

व्यापारी उसळायचा. "अम्मा! या दुकानात वंडु? आजोबांच्या काळापासून इथे किडा नाही!"

"अय्यो, मग औषध फार मारता वाटतं. चांगल्या तांदळाला किडा लागतोच. समोरच्याकडे भरपूर आहेत."

व्यापारी समोरच्या दुकानाकडे बघायचा. समोरच्याकडे आहेत आणि आपल्याकडे नाहीत, हे त्याला सहन व्हायचं नाही. मग मागून एक पोतं यायचं, अगदी अभिमानाने. "बघा अम्मा. असे सोंडे आख्ख्या गल्लीत मिळणार नाहीत."

अशा बाईंच्या दारात एक दिवस कंपनी आली.

कंपनी म्हणजे माझ्या वडिलांचीच. तिला समाजकार्यासाठी काहीतरी हवं होतं आणि संस्थेला नवी इमारत हवी होती. संचालकांनी दोघांची गाठ घालून दिली. किड्यांची थंड खोली जुनी झाली होती, यंत्रं कुरकुरत होती. कंपनी ती खोली नवी करून देणार होती. त्या बदल्यात बाईंनी कंपनीच्या कार्यक्रमात एक व्याख्यान द्यायचं, विषय सहजीवन. बाई खूश होत्या. खोलीचं थंड राहणं हाच त्यांचा जीव होता. ती तापली तर काळ्या बरण्या तांबड्या होणार आणि परत कधीच काळ्या होणार नाहीत.

कंपनीचे मनुष्यबळ विभागाचे प्रमुख ठरवायला आले, ते पुण्याचे होते. बाईंचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "काय गोड मराठी आहे हो तुमची! अगदी शिवकालीन!"

"आणि तुमची कालची वाटते," बाई म्हणाल्या.

ते मोकळेपणी हसले. माणूस वाईट नव्हता, हेच वाईट होतं. मग त्यांनी हळूच विषय काढला. कारखान्यात सध्या जरा अशांतता आहे. व्याख्यानाच्या शेवटी बाईंनी एवढंच म्हणावं, की सोंडा आणि जीवाणू जसे एकमेकांच्या साथीने वाढतात, तसेच व्यवस्थापन आणि कामगार.

बाईंनी गंभीरपणे विचारलं, "यांत व्यवस्थापन कोण? सोंडा की जीवाणू?"

"ते तुम्ही ठरवा, मॅडम. तुम्ही तज्ज्ञ."

अशांतता म्हणजे काय, ते मला घरी बसून माहीत होतं. नवी लाइन उभी करायला कंत्राटी कामगार घेतले. लाइन उभी राहिली, चालू लागली आणि त्यांना काढून टाकलं. वडील कायम कामगार होते, पण त्यांच्या युनियनने काढलेल्यांसाठी आवाज उठवला होता. गेटवर सभा चालू होत्या आणि आमच्या पलंगाखाली पुन्हा गठ्ठे आले होते.

आणि माझ्याकडे तर अस्त्र होतं! कारण सोंड्याच्या गोष्टीचा पुढचा भाग कंपनीला माहीत नव्हता. कवच तयार होऊन काळं झालं, की सोंडा आपल्या आतड्याजवळचे ते जीवाणू संपवतो. स्वतःच्याच पेशींत विरघळवून पचवून टाकतो; मादीच्या अंडाशयातले तेवढे पुढच्या पिढीसाठी राहतात. काम झालं, आता पोसणं परवडत नाही. मी एका दुपारी बसून पत्रक लिहिलं. "कवच घडेपर्यंत तुम्ही हवे! कवच घडलं की तुम्ही नको!" शेवटी मागणी होती, कामावर परत घ्या. मी ते बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, व्याख्यानात हे सांगा.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं.

"भाषा चांगली आहे. विज्ञान बरोबर आहे. मागणीही बरोबर आहे."

"मग?"

"मधलं 'म्हणून' खोटं आहे."

मी वाद घातला. कडकडून. बाईंनी मला बोलू दिलं आणि मग विचारलं, "उद्या मज दुसरा किडा सापडला, जो आपले जीवाणू मरेपर्यंत सांभाळतो. असे आहेत, बरं. तेव्हा पत्रक कंपनी काढेल. मग तुम्ही काय कराल? मागणी मागे घ्याल?"

"मग तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते तरी सांगा!"

"मी तुमच्या बाजूला आहें गे. सोंडा नाही."

मी तीन-चार दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. मला वाटलं, ही तर पळवाट. एवढं साधं हत्यार हाताशी असून न उचलणं म्हणजे भ्याडपणा. मी तसं घरी वडिलांना बोलूनही दाखवलं.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी आणखी एक गंमत झाली. पाहुणे प्रयोगशाळा बघायला येणार म्हणून कार्यालयाने सगळ्या इमारतीत फवारणीचा हुकूम दिला होता. पाठीवर टाकी घेतलेला माणूस थेट किड्यांच्या खोलीशी आला. दारात बाई.

"आत किडे आहेत अशी तक्रार आहे, अम्मा."

"तक्रार नाही रे बाबा, ती माझी नोकरी आहे."

त्याने कागद दाखवला, कागदावर खोलीचा क्रमांक होता. बाईंनी खुर्ची मागवली आणि दारात बसून राहिल्या. डबासुद्धा तिथेच खाल्ला. कार्यालयातून माणूस आला, मग संचालकांचा फोन आला. किडे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना किडे दिसू नयेत म्हणून चाललेला तो आटापिटा संध्याकाळी थांबला, तेव्हा टाकीवाला स्वतःच बाईंना चहा आणून देत होता.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. कंपनीने फोटोसाठी बस भरून कामगार आणले होते, गणवेशात. त्यांत माझे वडीलही. पहिल्या रांगेत संचालक आणि पुण्याचे प्रमुख. मी मागे भिंतीला टेकून उभी होते, अजून रागातच.

बाई तमिळमध्ये बोलल्या. आईच्या सुपापासून गोदामाच्या पत्र्यापर्यंत सगळं सांगितलं. काळे आणि तांबडे सोंडे पडद्यावर दाखवले. लोक रंगून गेले. कवच काळं झाल्यावर जीवाणूंचं काय होतं, तेही सांगितलं, काहीही न लपवता. मग गणवेशांच्या रांगांमधून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. पहिली रांग हलेना.

बाईंनी हात वर केला. "पोदुम. पुरे. टाळ्या थांबवा. मला शेवटी इथे एक वाक्य म्हणायला सांगितलं आहे, की सोंड्याकडून कारखान्याने शिकावं. सोंड्याला विचारलं तर तो सांगेल, काम झालं की खाऊन टाक. ते कारखान्याला शिकवावं लागत नाही, असं मी ऐकते."

हशा उसळला. मला वाटलं, बाईंनी ऐकलं माझं!

"हसू नका," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही सांगते. हा किडा तुमचा साक्षीदार नाही. तो कुणाचाच नाही. त्याला तुम्ही ठाऊक नाही. तुमच्या सोबत्यांना कामावरून काढलं ते चूक आहे, कारण ते माणसं आहेत आणि काढणारेही माणसं आहेत, आणि माणूस माणसाला जाब विचारू शकतो. तेवढं कारण पुरतं. माणसाच्या हक्काला किड्याची साक्ष लागत नाही. ज्याला लागते, त्याला हक्क द्यायचा नसतो, नाहीतर मागायची लाज वाटत असते."

मग त्यांनी पडदा बंद करायला सांगितलं आणि खाली उतरल्या.

या वेळी टाळ्या आल्या नाहीत. पहिल्या रांगेला काय ऐकलं ते कळलं होतं आणि मागच्या रांगा ते अजून तोंडात घोळवत होत्या. वडील बसकडे जाताना मला एवढंच म्हणाले, "तू म्हणालीस तशी भित्री नाही गं ही बाई." आणि जरा पुढे जाऊन, "लाज वाटते म्हणाली ते खरंय. आम्ही मागतो आणि वर कारणांची चळत लावतो."

मला मात्र तो राग आजही थोडा येतो. मी आजही म्हणते, ते पत्रक निघायला हवं होतं. पण आता पत्रक लिहिताना प्रत्येक 'म्हणून'पाशी माझं पेन अडखळतं, आणि तो अडथळा बाईंनी बसवला आहे.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. कंपनीने मदत काढून घेतली. संचालकांनी खेद व्यक्त केला. थंड खोलीचं यंत्र दुरुस्तीच्या पलीकडे गेल्याचं ठरलं आणि खोली दुसऱ्या विभागाला देण्यात आली. मे महिन्याआधी रिकामी करायची. बाईंना एक अर्ज करून माफीचे दोन शब्द लिहा, असं समजुतीने सुचवलं गेलं. त्या म्हणाल्या, मी माफी मागत्यें, पण कुठलं वाक्य चुकलं ते सांगा. वाक्य कुणी सांगितलं नाही.

त्यांच्या प्रयोगांना मागे हटायला जागा नव्हती. तांबड्यांची काळजी नव्हती, ते कुठेही राहिले असते. काळ्यांना थंडावा हवा होता. बाईंचा स्वतःचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, वर नुसती गच्ची. तिथे उन्हाळ्यात भिंतीला हात लावता यायचा नाही. माझ्या आयटीतल्या मराठी मैत्रिणींकडे एसी होते. एकीने दोन बरण्या घेतल्या, तांदळाच्या डब्यापासून लांब ठेवायच्या अटीवर. दुसरी म्हणाली, "अगं, आई किडे काढून टाकते आणि तू आणून देतेस?" ती बरोबरच होती. बाकीच्या बरण्यांसाठी जागा नव्हती आणि ऊन रोज चढत होतं.

तेव्हा वडिलांनी सुचवलं, आमचं ऑफिस.

एग्मोरला एका जुन्या घराच्या तळमजल्यावर युनियनची खोली आहे. हातभर जाडीच्या भिंती, बाहेर झाड. भर उन्हाळ्यातही आत गार. काढून टाकलेले कंत्राटी कामगार तिथे रोज येऊन बसायचे, कारण घरी बसून राहणं जड जायचं. बाई आणि मी ऑटोतून बरण्या घेऊन गेलो. प्रत्येक बरणी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बाईंच्या मांडीवर सगळ्यात जुनी.

खोलीत सातआठ जण होते. बरण्यांत काय आहे ते मी सांगितलं. व्याख्यानाची हकिगत त्यांच्यापर्यंत पोचली होती, पण ही बाई आपल्या बाजूने बोलली की नाही, यावर त्यांच्यात अजून एकमत नव्हतं. सेल्वम नावाचा एक जण पुढे आला. वेल्डिंगवर होता, नव्या लाइनचे सांधे त्याच्या हातचे. त्याने एक बरणी उचलून उजेडात धरली. आत काळे ठिपके तांदळातून वरखाली करत होते.

"काय खातात?"

"तांदूळ," बाई म्हणाल्या. "तो मी आणून देईन. ऊन लागता कामा नये, एवढंच."

"यांचा आम्हाला काही उपयोग?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मला भीती वाटली, आता काहीतरी गोड बोलतील, खोलीसाठी. कुणीही बोललं असतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

सेल्वमने बरणी फिरवून आणखी एकदा पाहिली. मग मागे वळून कपाटातल्या मधल्या फळीवरची पत्रकं दोन्ही हातांनी उचलली, खाली जमिनीवर ठेवली आणि फळी लुंगीच्या सोग्याने पुसली.

"सरि," तो म्हणाला. "इथे ठेवा, अम्मा."